चाळिशीतल्या मित्राला शिकार शिकवायची आहे, सुरुवात कुठून करू?

रानवाट (धागाकर्ता)

मित्र चाळिशीचा आहे. आजवर बंदूक हातात धरलेली नाही, घरातही कोणी शिकारी नव्हतं. परवाना काढला, सक्तीचा सुरक्षावर्गही पूर्ण केला. आमच्याकडे रायफलने हरणाची शिकार कायदेशीर आहे आणि हंगाम उघडायला तीन महिने आहेत. वर्गात नियम पाठ करून घेतात, पण रानात उभं राहिल्यावर काय करायचं हे तिथे येत नाही. ते शिकवायचं काम माझ्याकडे आलं आहे.

मला हे विचारायचं आहे: तीन महिन्यांत काय आधी आणि काय नंतर शिकवावं? रायफल कोणती द्यावी? पहिल्या दिवशी मीही माझी रायफल न्यावी का? आणि सगळ्यात अवघड म्हणजे टोकायचं कसं? लहान मुलाला सांगणं सोपं असतं. हा माझ्या बरोबरीचा, चारचौघांत हुशार म्हणून ओळखला जाणारा माणूस. चूक दाखवली की "हो हो, माहीत आहे" म्हणतो आणि पुढच्या मिनिटाला तेच करतो.

पाणवठा

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यावर उभं आहे. तुमची रायफल नेऊ नका. माणसं दोन, रायफल एक, आणि ती त्याच्या हातात. तुमच्या हातात बंदूक असली की अर्धं लक्ष तुमच्याच नळीकडे राहतं, आणि सावज दिसताच तुमच्यातला शिकारी जागा होऊन शिकाऊ माणूस वाऱ्यावर सुटतो. तुम्ही फक्त दुर्बीण घ्या आणि त्याच्या बंदुकीच्या मागे, खांद्यापाशी चाला.

आता क्रम. पहिले दोन आठवडे एकही बार नाही. घरात, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, फक्त हाताळणी. रिकामी करताना मॅगझिन (काडतुसांची पेटी) आधी, बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारी मागची सरकती खिटी) नंतर. उलट केलं तर बोल्ट पुढे ढकलताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीत चढतं आणि माणूस समजतो की रायफल रिकामी झाली. मग डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी आत घालून चाचपायचं. पहाटेच्या अंधारात डोळा फसतो, बोट फसत नाही. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना दर वेळी बोल्ट उघडा. देणारा म्हणेल "रिकामी", घेणारा स्वतः बघून म्हणेल "पाहिली". हे बोलल्याशिवाय हात पुढे करू नका, तुमचा स्वतःचाही.

सेफ्टीवर विसंबायला शिकवू नका. ती एक यांत्रिक कळ आहे, झिजते, कपड्यात अडकून सरकते. शिवाय बऱ्याच रायफलींत सेफ्टी लावली की बोल्टही अडकतो, म्हणजे रिकामी करायला सेफ्टी काढावीच लागते. चुकून बार अशाच क्षणी उडू शकतो. तेव्हा नळी कुठे आहे हाच खरा बचाव.

टोकण्याबद्दल: आधीच बसून तीन शब्द ठरवा. "बोट" म्हणजे चापावरचं बोट काढून वर लाकडावर सरळ ठेव. "नळी" म्हणजे ती कुठे रोखली आहे ते बघ. "थांब" म्हणजे आहे तिथे थांब, कारण नंतर. एवढंच बोलायचं, प्रवचन नाही. तेच शब्द त्यानेही तुम्हाला ऐकवायचे, हे त्याच बैठकीत कबूल करा. तुम्ही ते मुकाट ऐकून घेता हे एकदा दिसलं की "माहीत आहे" आपोआप बंद होतं. मोठ्या माणसाला चूक झाल्याचं फारसं काही वाटत नाही, चूक *दाखवली जाण्याचं* वाटतं. म्हणून जागच्या जागी एक शब्द, आणि सविस्तर बोलणं घरी आल्यावर.

तिसऱ्या आठवड्यात रिकामी रायफल घेऊन माळावर दोन-तीन तास नुसतं चालवा. उतार, ओढा, आडवं पडलेलं झाड. कुंपण ओलांडताना रायफल रिकामी, बोल्ट उघडा, ती खालून पलीकडे सरकवायची, नळी दोघांच्याही उलट दिशेला, आणि माणसाने दस्त्याच्या बाजूने ओलांडायचं. ठेच लागली तर नळी कुठे जाते ते मुद्दाम बघा. पडलाच तर उठल्यावर पहिलं काम: रिकामी करणं, बोल्ट बाहेर काढून मागून नळीत बघणं. चिखल किंवा बर्फाचा बोळा नळीत राहिला आणि बार काढला तर नळी फुटू शकते. ओल्या हवामानात नळीच्या तोंडावर साध्या चिकटपट्टीचा तुकडा लावायला हरकत नाही.

अजून एक, फार कमी लोक सांगतात. खिशात एकाच प्रकारची काडतुसं. छर्ऱ्याच्या बंदुकीत तर हे जीवावरचं आहे: २० गेजचं (बारीक) काडतूस १२ गेजच्या (रुंद) नळीत घसरून पुढे अडकतं, चेंबर (काडतूस बसतं ते नळीचं मागचं घर) रिकामं दिसतं, मागून १२ चं भरलं जातं आणि नळी हातात फुटते.

निशाण_पाच

वरच्याशी सहमत. रायफल आणि चांदमारीचं मी लिहितो.

सुरुवात .२२ रिमफायरवर, म्हणजे लहान काडतुसाच्या हलक्या रायफलीवर. आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही, काडतूस स्वस्त. दोन-तीनशे बार त्यावर झाले की श्वास, चाप आणि बार झाल्यावरही नजर न हलवणं हे अंगात मुरतं. मात्र .२२ ला खेळणं समजू देऊ नका, तिची गोळीही दीड किलोमीटरच्या पुढे जाते.

हरणासाठी यांपैकी एका काडतुसाची रायफल: .२४३ विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर, ७ मिमी-०८ किंवा हलक्या गोळीची .३०८. आपल्या भागात किमान कॅलिबरचा (गोळीच्या व्यासाचा) नियम असतो, तो आधी बघा. मॅग्नम (जादा दारूचं, जोरदार धक्क्याचं काडतूस) नको म्हणजे नकोच. नवशिक्याला एकदा धक्क्याची धास्ती बसली की बार होण्याआधीच डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, आणि ही खोड मोडायला महिने जातात. ती आहे का हे ओळखायला त्याच्या नकळत मॅगझिनमध्ये एखादं नकली काडतूस मिसळा. चाप ओढल्यावर नुसता "टक" आवाज येतो आणि नळीने खाली डुबकी मारलेली दोघांनाही दिसते. मोठ्या रायफलीचे एका बैठकीत पंधरा-वीस बार पुरे, उरलेला वेळ .२२.

कानांना आत बोळे आणि वरून मफ, दोन्ही. रायफलचा आवाज १४० डेसिबलच्या वरच असतो, एका बारानेही कायमचं नुकसान होऊ शकतं. दचकणं हे धक्क्यामुळे आहे असं माणसाला वाटतं, पण निम्मी दचक आवाजाचीच असते.

दस्ता मापाचा हवा. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याची टाच कोपराच्या खाचेत ठेवली की चाप तर्जनीच्या पहिल्या पेराशी यावा. हे थंडीच्या जाड कपड्यांत मोजा, टी-शर्टात नाही. स्कोप (रायफलीवरची नेमाची दुर्बीण) आणि डोळा यांत साधारण ८ ते १० सेंमी अंतर असावं. स्कोप मागे बसवला असेल तर चढावर रोखताना डोळा अजून जवळ जातो आणि कड भुवईत बसते. ती खूण शिकाऱ्यांच्या कपाळावर ओळखू येते.

नेम जुळवणं त्यालाच करू द्या. तुम्ही जुळवून दिलीत तर गोळी बाजूला गेल्यावर चूक रायफलीची की आपली, हे त्याला कधी कळणार नाही. आधी २५ मीटर, मोठा कागद. मग १०० मीटर. तीन बार, त्यांचा मध्य काढायचा आणि मगच स्कोपची खुंटी फिरवायची. एकेका बारामागे धावत सुटायचं नाही. खुंटीची पाव मिनिटाची (कोनाचं मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक टिकटिक १०० मीटरवर सुमारे ७ मिमी सरकवते. दर तीन बारांनंतर नळी गार होऊ द्या. गोळीचं वजन किंवा बनावट बदलली की पुन्हा तपासा. रायफल आपटली तरीही.

आणि मग टेबल सोडा. रानात टेबल नसतं. बसून, गुडघ्यावर, तिपाईवर, झाडाला टेकून. टेकताना पुढचं लाकूड टेकवा, नळी नाही. नळी कठीण वस्तूला लागली की गोळी जागा सोडते. १५ सेंमी व्यासाची थाळी ५० मीटरवर लावा आणि रानातल्या बैठकीतून पाच बार काढू द्या. पाचही आत आले तर अंतर वाढवा. ज्या अंतरावर पाचातला एकही बाहेर गेला त्याच्या आधीचं अंतर ही त्याची हद्द. बारीक हरणाच्या छातीतलं मर्म २० सेंमीच्या आसपास असतं, म्हणून थाळी मुद्दाम लहान धरायची. पहिल्या हंगामाला हद्द शंभर मीटर आली तर पुष्कळ झालं. शेवटच्या दोन आठवड्यांत पन्नास पावलं पळवून आणून, धापा टाकत एकच बार. दिवसाचा पहिला, गार नळीचा बार वेगळा लिहून ठेवा. रानात तोच एक मिळतो.

रानवाट

दोघांचे आभार, छापून घेतो. आता त्याचे दोन मुद्दे. एक, "व्हिडिओत तर लोक तीनशे मीटरवरून मारतात." दोन, गोळी लागल्यावर पुढे काय, हे नीट कोणी सांगितलेलंच नाही.

माळरान

तीनशे मीटरचं गणित त्याच्यापुढे मांडा, वाद घालू नका. सर्वसाधारण हरणाच्या काडतुसाची गोळी तिथे पोचायला सुमारे ०.४ सेकंद घेते. सावकाश चालणारं हरीण तेवढ्यात अर्धा मीटर पुढे जातं. म्हणजे नेम अगदी बरोबर असला तरी चाप ओढताना त्याने पाऊल उचललं की गोळी फुफ्फुसाऐवजी पोटात. वारा आणि गोळीचा झोल (वाटेत खाली पडणं) अजून मोजलाच नाही.

कुठे मारायचं: हरीण आडवं उभं असताना पुढच्या पायाची मागची रेघ वर न्यायची आणि छातीच्या खालच्या कडेपासून एक तृतीयांश उंचीवर थांबायचं. ते तिरकं, आपल्यापासून दूर तोंड करून असेल तर पलीकडच्या फऱ्यातून गोळी बाहेर पडेल असा विचार करून अलीकडचा बिंदू मागे घ्यायचा. समोरून, तिरकं आपल्याकडे तोंड असताना किंवा मागून: नाही. डोकं: नाही, ते सतत हलतं आणि जबडा फुटलेलं जनावर उपाशी मरतं. मागे दुसरं हरीण असेल तर नाही, गोळी आरपार जाते. टेकडीच्या माथ्यावर, मागे आभाळ असेल तर नाही; रायफलची गोळी तीन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. मागे मातीचा चढ हवा. झाडी म्हणजे आडोसा नव्हे.

याची तालीम घरी होते. हरणांची वीस-तीस छायाचित्रं काढा, एकेक पाच सेकंद दाखवा आणि विचारा: मारशील? का? निम्म्याहून जास्त "नाही" यायला हवीत, नाहीतर चित्रं चुकीची निवडलीत. रानात तुमचं काम सावज दाखवणं आणि अंतर सांगणं. "मार, मार" हे कानात कुजबुजणं सगळ्यात घातक. दोन महिने शिकवणाऱ्याला नाराज करायचं नाही म्हणून माणूस नको तो बार काढतो. स्कोपमधली फुलीची रेघ दहा सेकंदांत स्थिर झाली नाही तर रायफल खाली घ्यायची, हेही आधीच ठरवा. पहिल्या सावजाला छाती धडधडते, हात कापतात, ऐकू कमी येतं. त्यात लाज नाही.

बार झाल्यावर: लगेच पुढचं काडतूस चढव, सेफ्टी लाव, नजर हरणावरच. ते कुठे उभं होतं आणि शेवटचं कुठे दिसलं, दोन्हींना एकेक खूण, अमुक झाड, तमुक दगड. स्वतः बसला होता तिथे रंगीत फीत बांध. उसळी मारून, पोट जमिनीलगत ठेवून पळालं तर बहुधा छातीत. पाठ वाकवून, आखडून हळू चालू लागलं तर पोटात. काहीच झालं नाही असं वाटलं तरी *लागली* असंच धरायचं आणि जागेवर जाऊन केस, रक्त शोधायचं. तिथे नाही म्हणून न थांबता पळाल्या वाटेने शंभरेक मीटर तरी बघायचं.

जाण्याआधी थांबायचं. नवशिक्याच्या हातून इथेच घोळ होतो, त्याला धावत जाऊन बघायचं असतं. जागेवर काय मिळतं त्यावर थांबणं ठरतं. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुफ्फुस: अर्धा तास. गडद लाल म्हणजे यकृत असू शकतं: तीन-चार तास. हिरवट-तपकिरी, आंबूस वास, चाऱ्याचे कण म्हणजे पोट: सहा ते आठ तास, आणि लगेच आल्या पावली मागे. पोटात लागलेलं हरीण एकटं सोडलं तर बहुधा जवळच बसतं. मागे लागलात तर ते उठून कोसभर जातं आणि चरबीने भोक बुजल्यामुळे रक्तही सांडत नाही. पाऊस येत असेल किंवा मांसभक्षकांचा मुलूख असेल तर हा हिशोब आखडावा लागतो. माग काढायला प्रशिक्षित कुत्रा कायद्याने चालत असेल तर त्याच्या मालकाशी हंगामाआधीच बोलून ठेवा.

माग काढताना पुढे तो, मागे तुम्ही. तुम्ही शेवटच्या थेंबापाशी उभे राहा, त्याने पुढचा सापडला की हाक मारायची, मग तुम्ही सरका. रक्ताच्या रेषेवर पाय नको, बाजूने चालायचं. गवताच्या पात्यांच्या *आतल्या* बाजूही बघायच्या.

पडलेल्या जनावराकडे मागून, पाठीच्या बाजूने जायचं. लांब काठीने डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श. पापणी हलली तर दुसरी गोळी लगेच, वाट बघत बसणं हा क्रूरपणा. नाही हलली तर रायफल रिकामी करून बाजूला ठेवा, कायद्याने लागणारी चिठ्ठी लावा, मगच सुरी काढा.

अवांतर: पहिल्या जनावरापाशी काहींना रडू येतं, काही एकदम गप्प होतात, काहींना पुन्हा येऊ नये असं वाटतं. फोटोसाठी घाई करू नका, पाठ थोपटू नका. थोडा वेळ द्या.

ओलीसुकी

सोलायचं-साफ करायचं राहिलं, ते लिहिते. हा भाग पहिल्यांदा रानात शिकवू नका. तोपर्यंत अंधार पडलेला असतो, हात गारठलेले असतात. आधी एखाद्याने आणलेल्या जनावरावर त्याला हात घालू द्या.

सुरी ८ ते १० सेंमी पात्याची, न मिटणारी, आणि धारदार. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि ती निसटते. हातमोजे दोन जोड. हरीण उताणं, डोकं चढाच्या बाजूला. गुदद्वाराभोवती पातं फिरवून आतडं मोकळं करा आणि दोरीने घट्ट बांधा. मग छातीच्या हाडाखाली कातडी चिमटीत उचलून लहान चीर. त्यात दोन बोटं घालून, बोटांच्या मध्ये पातं, धार आभाळाकडे, अशी चीर मागे कमरेपर्यंत न्या. बोटांनी आतडी दाबून धरायची असतात. धार खाली वळली की कोठा फुटतो आणि हिरवं पाणी सगळ्या मांसावर. मूत्राशय दिसलं की त्याची मान चिमटीत धरून वेगळं करा. नंतर बरगड्यांच्या कडेने आतला पडदा कापा, एक हात छातीत वर घालून श्वासनलिका पकडा आणि पकडीच्या वर कापा. आत काही दिसत नसतं, स्वतःची बोटं इथेच कापली जातात. तेव्हा पकडलेल्या हाताच्या बोटांवरूनच पातं सरकवायचं, घाई नाही. मग श्वासनलिकेला धरून मागे ओढलं की सगळा कोथळा एकत्र येतो, जनावर कुशीवर वळवून बाहेर सोडा.

यकृत बघा. पांढरे ठिपके, गळू, सुजलेल्या गाठी, विचित्र वास असेल तर खाऊ नका आणि वन्यजीव खात्याला कळवा. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (हरणांचा मेंदूचा जीवघेणा रोग) असलेल्या भागात तपासणीसाठी नमुना द्या, निकाल येईपर्यंत मांस वेगळं ठेवा आणि मेंदू, मणका कापू नका.

मग गार करणं. पोकळी काठीने ताणून उघडी ठेवा. हवा ४ अंशांच्या वर असेल तर कातडी लवकर काढा आणि पोकळीत बर्फाच्या बंद पिशव्या ठेवा. ओढ्याच्या पाण्याने धुऊ नका, ओल्या मांसावर जंतू लवकर वाढतात. कोरड्या फडक्याने पुसा. कोठ्यातलं काही लागलं असेल तर तो भाग कापून टाका. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब पसरतात, म्हणून रक्त साकळलेला भाग सढळ हाताने काढा. घरात लहान मुलं खाणार असतील तर तांब्याची गोळी वापरलेली बरी, फक्त तिचा नेम वेगळा जुळवावा लागतो.

पाणवठा यांनी रायफल एकच म्हटलंय, बरोबर. पण अस्वलांच्या मुलखात सोबत्याकडे अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा हवा, पट्ट्यावर, पिशवीत नव्हे. आणि काही ठिकाणी शिकाऊ परवान्यावर शिकवणारा हाताच्या अंतरावर असणं कायद्याने बंधनकारक आहे, ते वाचून घ्या.

पाणवठा

वाऱ्याचं कोणीच लिहिलं नाही. टाल्कम पावडरची छोटी बाटली त्याच्या खिशात द्या, दर दहा मिनिटांनी फुंकर. वारा हरणाकडून आपल्याकडे यायला हवा. डोंगराळ भागात पहाटे गार हवा उताराने खाली वाहते, ऊन चढलं की वर, संध्याकाळी पुन्हा खाली. म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी वरून टेहळणी करणाऱ्याचा वास खालच्या हरणांना लागतो, ऊन चढल्यावर नाही.

मचाणावर बसणार असाल तर पूर्ण अंगाचा पट्टा, आणि तो जमिनीवर असतानाच दोरीला जोडायचा, वर पोचल्यावर नाही. माणसं पडतात ती बहुतेक चढता-उतरताना. रायफल रिकामी, दोरीने वर ओढायची, नळी खाली जमिनीकडे.

निशाण_पाच

खरेदीबद्दल मित्राला आवरा. या वयाच्या माणसाकडे पैसा असतो आणि तो पानाफुलांच्या कपड्यांवर जातो. हरणाला नारिंगी रंग भडक दिसत नाही, हालचाल दिसते. म्हणून भडक नारिंगी बंडी आणि टोपी, नियम नसला तरी. सुती कपडे नकोत, ओले झाले की अंग गारठतं. आत लोकर किंवा सिंथेटिक. बसायच्या जागेपर्यंत चालताना जाकीट पिशवीत, घाम आला की तासाभरात थंडीने हालचाल सुरू होते. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते. झाडीत काय हललं ते दुर्बिणीनेच बघायचं. स्कोपने बघितलं म्हणजे अनोळखी वस्तूवर रायफल रोखली, आणि ती वस्तू माणूस असू शकते.

डोक्याला लावायचे दोन दिवे घ्या. जादा सेल आतल्या खिशात, अंगालगत. गारठ्यात पिशवीतले सेल लवकर उतरतात.